दोन विश्वचषक, एक गोल : एल साल्वादोरच्या फुटबॉलचा आढावा

विश्वचषक फुटबॉलच्या नोंदवहीत एल साल्वादोरचा हिशेब दोन ओळींत संपतो. 1970 आणि 1982 अशा दोन स्पर्धा, सहा सामने, सहाही पराभव, एक गोल केला आणि बावीस गोल खाल्ले. जगभरच्या क्रीडापत्रकारांनी या देशाला बहुतेक वेळा दोनच प्रसंगांसाठी आठवलं आहे. एक, 1969 चं तथाकथित फुटबॉल युद्ध. दुसरा, 1982 मध्ये हंगेरीकडून झालेला 10-1 असा पराभव. त्यामुळे या संघाचा सगळा इतिहास म्हणजे एक रक्तरंजित विचित्रपणा आणि एक नामुष्की, असा समज रूढ झाला. तो अन्यायकारक आहे.

एल साल्वादोरमध्ये फुटबॉलची गुणवत्ता कधीच कमी नव्हती. तिथल्या क्लबांनी तीनदा संपूर्ण उत्तर-मध्य अमेरिका आणि कॅरिबियन विभागाचं विजेतेपद मिळवलं. स्पेनमध्ये आजही ज्याचं नाव आदराने घेतलं जातं, असा खेळाडू या मातीने दिला. मग 1982 नंतर हा देश विश्वचषकाला पुन्हा का पोहोचला नाही? देश लहान म्हणून, यादवी झाली म्हणून, भ्रष्टाचार मुरला म्हणून की माणसं परदेशी गेली म्हणून? शंभर वर्षांचा प्रवास तपासल्याशिवाय याचं उत्तर मिळत नाही.

क्लबांनी घातलेला पाया

या संघाची पहिली आंतरराष्ट्रीय लढत 1921 मध्ये ग्वातेमाला शहरात झाली. मध्य अमेरिकेच्या स्वातंत्र्याची शताब्दी साजरी करण्यासाठी स्पर्धा भरवली होती. तिच्यात कोस्टा रिकाने एल साल्वादोरला 7-0 असं हरवलं. पुढे 1935 मध्ये राजधानी सान साल्वादोरने मध्य अमेरिका आणि कॅरिबियन क्रीडास्पर्धा भरवल्या आणि त्यासाठी फ्लोर ब्लांका हे राष्ट्रीय स्टेडियम उभं राहिलं. त्यानंतर संघाची घडी बसत गेली. 1943 ची प्रादेशिक अजिंक्यपद स्पर्धा एल साल्वादोरने मायदेशात जिंकली आणि 1954 मध्ये मेक्सिको शहरात भरलेल्या मध्य अमेरिका-कॅरिबियन स्पर्धांत सुवर्णपदक पटकावलं. 1963 च्या कॉन्काकाफ, म्हणजे उत्तर-मध्य अमेरिका आणि कॅरिबियन विभागाच्या, स्पर्धेत यजमान एल साल्वादोर उपविजेता ठरला. 1968 मध्ये संघ मेक्सिको ऑलिंपिकमध्ये खेळला आणि घानाशी 1-1 अशी बरोबरी साधून परतला.

या प्रगतीमागे क्लब होते. राजधानीतला अलियान्सा, पश्चिमेकडच्या सांता आना शहरातला फास आणि पूर्वेकडच्या सान मिगेलचा आगिला हे ते तीन आधारस्तंभ. साठच्या दशकातला अलियान्सा इतका लयीत खेळायचा की त्याला लोक 'पांढरा ऑर्केस्ट्रा' म्हणायचे. चिलीहून आलेल्या एर्नान कारास्को यांनी तो संघ घडवला. 1967 मध्ये अलियान्साने कॉन्काकाफ विजेत्या क्लबांचा चषक जिंकला, 1976 मध्ये तोच मान आगिलाला मिळाला आणि 1979 मध्ये फासला. बारा वर्षांत तीन वेगवेगळ्या शहरांतले तीन क्लब विभागात अव्वल ठरतात, याचा अर्थ तिथे साखळी स्पर्धा जिवंत होती, गल्लीतून क्लबात आणि क्लबातून राष्ट्रीय संघात जाणारी वाट खुली होती. 1976 मध्ये खुलं झालेलं कुस्कात्लान स्टेडियम मध्य अमेरिकेतलं सर्वांत मोठं स्टेडियम ठरलं, तेही याच काळात.

1969 : तीन सामने आणि चार दिवसांचं युद्ध

1970 चा विश्वचषक मेक्सिकोत होता. यजमान म्हणून मेक्सिकोला थेट प्रवेश मिळाल्याने विभागातली एक जागा इतरांसाठी मोकळी झाली. त्या जागेसाठी एल साल्वादोर आणि होंडुरास समोरासमोर आले. 8 जून 1969 रोजी तेगुसिगाल्पा या आपल्या राजधानीत होंडुरास 1-0 असा जिंकला. आठवडाभराने सान साल्वादोरमध्ये यजमानांनी 3-0 असा विजय मिळवला. पाहुण्या संघांना हॉटेलात झोप लागू नये म्हणून रात्रभर गोंगाट, दगडफेक, धमक्या हे दोन्हीकडे झालं. त्या काळच्या नियमानुसार दोन सामन्यांतले गोल एकत्र मोजले जात नसत. दोघांनी एकेक सामना जिंकल्याने तिसरा सामना मेक्सिको शहरातल्या अझ्टेका स्टेडियमवर ठरला. जूनच्या अखेरीस झालेल्या त्या सामन्यात 2-2 अशी बरोबरी झाली आणि अतिरिक्त वेळेत माउरिसिओ 'पिपो' रोद्रिगेसने विजयी गोल केला.

याच दिवसांत एल साल्वादोरने होंडुरासशी राजनैतिक संबंध तोडले आणि 14 जुलैला त्याचं सैन्य सीमा ओलांडून होंडुरासमध्ये घुसलं. सुमारे शंभर तासांच्या लढाईत हजारो माणसं मेली, त्यांत नागरिकच जास्त होते. पोलिश पत्रकार रिशार्द कापुश्चिन्स्की यांच्या पुस्तकामुळे हा संघर्ष 'फुटबॉल युद्ध' म्हणून जगभर ठाऊक झाला.

त्या नावाने खरं कारण झाकलं गेलं. कारण होतं जमीन. एल साल्वादोर हा अमेरिका खंडाच्या मुख्य भूमीवरचा सर्वांत लहान देश, क्षेत्रफळ जेमतेम 21,000 चौरस किलोमीटर. शेतजमीन मूठभर कॉफी बागायतदार घराण्यांच्या हातात. त्यामुळे पिढ्यान् पिढ्या भूमिहीन साल्वादोरी शेतकरी शेजारच्या होंडुरासमध्ये जाऊन पडीक जमिनी कसू लागले. 1969 पर्यंत त्यांची संख्या तीन लाखांच्या घरात गेली होती. होंडुरास सरकारने 1962 चा जमीन सुधारणा कायदा पुढे कडकपणे राबवायला घेतला आणि या कुटुंबांना हुसकावून लावायला सुरुवात केली. दोन्ही देशांच्या लष्करी राज्यकर्त्यांना घरच्या असंतोषावरून लोकांचं लक्ष दुसरीकडे वळवायचं होतं आणि वर्तमानपत्रं आगीत तेल ओतत होती. सामने नेमके त्याच आठवड्यांत पडले. आपल्या गोलमुळे युद्ध पेटलेलं नाही, राज्यकर्त्यांनी तो विजय वापरून घेतला, असं पिपो रोद्रिगेसने नंतरच्या मुलाखतींत सांगितलं आहे. युद्धाचे परिणाम मात्र दूरवर गेले. होंडुरासमधून परतलेल्या भूमिहीन कुटुंबांची भर पडून एल साल्वादोरमधला जमिनीचा ताण आणखी वाढला. दहा वर्षांनी पेटलेल्या यादवीची बीजं त्यातच होती.

युद्ध झालं तरी पात्रता फेरी संपलेली नव्हती. सप्टेंबरमध्ये हैतीशी गाठ पडली. पोर्त-ओ-प्रिन्समध्ये एल साल्वादोर 2-1 असा जिंकला, घरी 3-0 असा हरला. आजचा नियम असता तर हैती विश्वचषकाला गेला असता. तेव्हा मात्र पुन्हा तिसरा सामना झाला. जमैकातल्या किंग्स्टनमध्ये अतिरिक्त वेळेतल्या एकमेव गोलवर एल साल्वादोर जिंकला आणि विश्वचषक गाठणारा मध्य अमेरिकेतला पहिला देश ठरला.

अझ्टेका, 1970

मेक्सिकोत कारास्को प्रशिक्षक होते आणि अलियान्साचा साल्वादोर मारिओना कर्णधार. बेल्जियमविरुद्ध 3-0, मेक्सिकोविरुद्ध 4-0 आणि सोव्हिएत संघाविरुद्ध 2-0 असे तीन पराभव पदरी पडले. त्यातला मेक्सिकोविरुद्धचा सामना बारकाईने पाहण्यासारखा आहे. यजमानांसमोर, खच्चून भरलेल्या स्टेडियममध्ये एल साल्वादोरने पूर्वार्ध बरोबरीत रेटत आणला होता. मध्यंतराला काही क्षण उरले असताना पंचांनी शिट्टी वाजवली. फ्री किक आपल्यालाच मिळाली असं समजून साल्वादोरी बचावपटू सैलावले. तेवढ्यात मेक्सिकोच्या खेळाडूने ती झटकन घेतली, चेंडू पादियाकडे गेला, त्याच्या क्रॉसवर वाल्दिविआने गोल केला आणि इजिप्तचे पंच कांदिल यांनी तो मान्य केला. साल्वादोरी खेळाडूंनी पंचांना घेराव घातला, पुन्हा खेळ सुरू करायला नकार दिला, चेंडू प्रेक्षकांत भिरकावला. मध्यंतरानंतर संघ सावरलाच नाही.

पदार्पणात तीन पराभव होणं विशेष नव्हतं. पण पुढच्या काळात वारंवार दिसलेली एक खूण इथेच दिसते. गुणवत्ता होती, लढण्याची तयारीही होती. मोठ्या स्पर्धेत जो अनुभव आणि जी व्यवस्था पाठीशी लागते ती नव्हती.

शत्रूने दिलेली बरोबरी

1980 मध्ये आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांची प्रार्थनेच्या वेळी हत्या झाली आणि देश यादवीत ढकलला गेला. 1992 च्या शांतता करारापर्यंत त्यात सुमारे 75,000 माणसं मारली गेली. या आगीतच, नोव्हेंबर 1981 मध्ये, पुढच्या विश्वचषकासाठीची निर्णायक स्पर्धा भरली, तीही नेमकी तेगुसिगाल्पात. युद्धाला बारा वर्षं झाली होती आणि शांतता करारावर सह्या होऊन जेमतेम वर्ष.

सहा संघांत दोन जागा होत्या. एल साल्वादोरने पाच सामन्यांत अवघे दोन गोल केले आणि एकच खाल्ला. कॅनडाकडून 1-0 अशी हार, मेक्सिकोवर एव्हर एर्नांदेसच्या गोलने 1-0 असा विजय, क्युबा आणि होंडुरासशी गोलशून्य बरोबरी, हैतीवर 1-0 असा विजय. साल्वादोरचे सहा गुण झाले. शेवटच्या सामन्यात मेक्सिकोने होंडुरासला हरवलं असतं तर साल्वादोर बाहेर पडला असता. होंडुरास तोवर पात्र ठरलेला होता, त्याच्यासाठी त्या सामन्याला फारशी किंमत नव्हती. तरी तो जीव तोडून खेळला आणि मेक्सिकोला गोलशून्य बरोबरीत रोखलं. होंडुरासच्या त्या खेळामुळे एल साल्वादोर स्पेनला गेला. फुटबॉल युद्धाची कहाणी सांगणाऱ्यांनी हा शेवटचा अध्यायही सांगायला हवा. 1969 मध्ये ज्या दोन देशांच्या नावाला सामन्यांमुळे कलंक लागला, तेच दोन देश 1982 च्या विश्वचषकाला एकाच विभागातून सोबत गेले.

एल्चे, 15 जून 1982

स्पेनला गेलेल्या संघाची अवस्था काय होती हे कळल्याशिवाय 10-1 हा आकडा समजत नाही. इतर देशांनी 22 खेळाडू नेले, एल साल्वादोरच्या यादीत 20 च नावं होती. प्रवास टप्प्याटप्प्याचा आणि थकवणारा झाला, पहिल्या सामन्याच्या जेमतेम आधी संघ पोहोचला. सरावाला पुरेसे चेंडूसुद्धा नव्हते, असं खेळाडूंनी नंतर वारंवार सांगितलं आहे. प्रशिक्षक होता पिपो रोद्रिगेस, 1969 च्या त्या गोलचा मानकरी. गोलरक्षक लुईस गेवारा मोरा 20 वर्षांचा होता.

हंगेरीने चौथ्या मिनिटाला पहिला गोल केला. मध्यंतराला 3-0, चोपन्नाव्या मिनिटाला 5-0. चौसष्टाव्या मिनिटाला बदली खेळाडू लुईस रामिरेस सापाताने चेंडू जाळ्यात घातला. एल साल्वादोरचा विश्वचषकातला तो पहिला आणि आजवरचा एकमेव गोल. सापाता आनंदाने धावत सुटला, तेव्हा सहकाऱ्यांनी त्याला आवर घालायचा प्रयत्न केला, हंगेरियन चिडतील म्हणून, अशी आठवण या गोलवरच्या माहितीपटात सांगितली जाते. भीती खरी ठरली. 69 ते 76 या सात मिनिटांत हंगेरीने आणखी चार गोल केले. त्यांतले तीन बदली म्हणून आलेल्या लास्लो किशचे. विश्वचषकातली ती सर्वांत जलद हॅट्ट्रिक आहे.

पुढे काय झालं हे मात्र क्वचित सांगितलं जातं. चार दिवसांनी याच संघाने बेल्जियमला एका गोलवर रोखलं, सामना 1-0 असा गमावला. मग विश्वविजेत्या अर्जेंटिनाशी गाठ पडली. संघात मारादोना होता. एल साल्वादोर 2-0 असा हरला, त्यांतला एक गोल पेनल्टीवर झाला. दहा गोल करणाऱ्या हंगेरीला त्याच अर्जेंटिनाने 4-1 असं हरवलं होतं आणि हंगेरीसुद्धा पहिल्याच फेरीत बाहेर पडला. म्हणजे एल साल्वादोरचा संघ दहा गोल खाण्याइतका दुबळा नव्हता. त्या एका सामन्यात तो तयारीशिवाय मैदानात उतरला होता. आठवडाभरात त्याने बचाव सावरला आणि जगातल्या सर्वोत्तम संघाला अडवून धरलं. ज्यांना या पराभवाची लाज वाटायला हवी, ते खेळाडू नव्हते. दोन जागा रिकाम्या ठेवणारे, चेंडूंची आणि वेळेवर प्रवासाची सोय न करणारे पदाधिकारी होते.

माहिको

त्या स्पेनमधून एक खेळाडू परतला तो करार घेऊनच. होर्हे गोन्सालेस, सगळ्यांचा 'माहिको', म्हणजे जादूगार. फासमधून तो 1982 मध्ये स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या कादिसला गेला. मधली वायादोलिदमधली थोडी कारकीर्द सोडली तर 1991 पर्यंत तिथेच खेळला आणि मग पुन्हा फासला परतला. चेंडू पायाच्या बाहेरच्या बाजूने ढकलायचा आणि त्याच क्षणी आतल्या बाजूने दुसरीकडे ओढायचा, अशी त्याची एक हूल होती. समोरचा बचावपटू एकीकडे झुकेपर्यंत चेंडू दुसरीकडे निघून गेलेला असे. मारादोनाने त्याच्या खेळाची मनापासून स्तुती केली. शिस्त त्याला कधी जमली नाही, रात्री जागवणं आणि सरावाला दांडी मारणं त्याने लपवलंही नाही. तरीही कादिसने त्याला डोक्यावर घेतलं. राजधानीतल्या फ्लोर ब्लांका स्टेडियमला आज त्याचं नाव आहे.

माहिकोची गोष्ट सहसा हरवलेल्या प्रतिभेची म्हणून सांगतात. मला तिच्यात दुसरं काही दिसतं. 1982 च्या संघातले फार थोडे खेळाडू परदेशी क्लबांत टिकले. माहिको कादिसला आणि बचावपटू हायमे रोद्रिगेस जर्मनीला गेला, पण त्यांच्या मागे येणाऱ्यांची रांग तयार झाली नाही. ज्या क्लबांनी त्यांना घडवलं, ते क्लब यादवीच्या दशकात कंगाल झाले. ज्या गल्ल्यांत पोरं खेळायची तिथे सैन्याची गस्त होती आणि बंडखोरांची भरतीही. सत्तरच्या दशकात घडलेली पिढी 1981 ला पात्रता मिळवू शकली. ऐंशीच्या दशकात तशी पिढी घडलीच नाही.

शांततेनंतर

1992 च्या करारानंतर फुटबॉल पुन्हा उभा राहिला. एप्रिल 1993 मध्ये कुस्कात्लानवर मेक्सिकोला 2-1 असं हरवलं आणि अखेरच्या फेरीत संघ तिसरा आला. 1997 मध्ये सहा संघांच्या निर्णायक फेरीत पाचवा आला. राउल दियास आर्से याच काळातला. 39 गोलांचा त्याचा राष्ट्रीय विक्रम अजून कायम आहे. माउरिसिओ सिएनफुएगोस मध्यफळीचा सूत्रधार होता. 1996 मध्ये अमेरिकेत मेजर लीग सॉकर सुरू झाली, तेव्हा दियास आर्से वॉशिंग्टनच्या आणि सिएनफुएगोस लॉस एंजेलिसच्या क्लबात गेले, पुढच्या वर्षी रोनाल्ड सेरितोस सान होसेच्या. त्यांतले पहिले दोन क्लब योगायोगाने निवडलेले नव्हते. यादवीतून पळालेली लाखो साल्वादोरी कुटुंबं लॉस एंजेलिस आणि वॉशिंग्टनच्या परिसरात स्थिरावली होती आणि तीच त्या स्टेडियमची गर्दी होती.

2002 मध्ये सान साल्वादोरला भरलेल्या मध्य अमेरिका-कॅरिबियन स्पर्धांत एल साल्वादोरने फुटबॉलचं सुवर्ण जिंकलं. 2009 मध्ये मेक्सिकन प्रशिक्षक कार्लोस दे लोस कोबोस यांच्या संघाने पुन्हा निर्णायक फेरी गाठली, अमेरिकेला 2-2 असं रोखलं, मेक्सिकोला 2-1 असं हरवलं. शेवटच्या सामन्यात होंडुरास कुस्कात्लानवर 1-0 असा जिंकला आणि तिथूनच विश्वचषकाला गेला. एल साल्वादोर पाचवा राहिला.

विकलेले सामने, न विकलेला सामना

20 सप्टेंबर 2013 रोजी साल्वादोरी महासंघाने 14 आंतरराष्ट्रीय खेळाडूंवर आजन्म बंदी घातली. राष्ट्रीय संघाचे सामने पैसे घेऊन हरल्याचा ठपका होता, त्यांत मेक्सिकोकडून 2011 च्या गोल्ड कप या विभागीय स्पर्धेत झालेल्या 5-0 अशा पराभवाचाही समावेश होता. एका झटक्यात देशाची एक अख्खी पिढी संपली. बंदी आलेल्यांत तोवर देशासाठी सर्वाधिक सामने खेळलेला आल्फ्रेदो पाचेकोही होता. डिसेंबर 2015 मध्ये सांता आनात त्याची गोळ्या घालून हत्या झाली.

दोष फक्त खेळाडूंचा होता असं मानणं सोपं आहे, पण पुरेसं नाही. 2010 मध्ये सरकारी हस्तक्षेपावरून फिफाने महासंघाला काही काळ निलंबित केलं होतं. महासंघाचे माजी अध्यक्ष रेनाल्दो वास्केस यांना अमेरिकेतल्या न्यायालयाने 2022 मध्ये शिक्षा सुनावली, विश्वचषक पात्रता सामन्यांच्या प्रक्षेपण हक्कांसाठी लाच घेतल्याच्या प्रकरणात. त्याच वर्षी फिफाने महासंघाचा कारभार स्वतः नेमलेल्या समितीकडे दिला. वरचे पदाधिकारी हक्क विकत होते, तेव्हा खालचे खेळाडू निकाल विकत होते. दोघांच्या मध्ये देशाची जर्सी होती.

या काळ्या पानाला लागून एक पान मात्र आवर्जून वाचण्यासारखं आहे. सप्टेंबर 2016 मध्ये कॅनडाविरुद्धच्या पात्रता सामन्याआधी व्हँकुव्हरमध्ये साल्वादोरी खेळाडू पत्रकारांसमोर एकत्र बसले आणि एक ध्वनिफीत ऐकवली. सामन्याचा ठरावीक निकाल लागावा म्हणून त्यांना मिनिटामागे पैसे देऊ केले जात होते. संघाला पुढे जाण्याची संधी उरलेली नव्हती, बक्षीस कमी आणि मोह मोठा होता. तरीही सगळ्या खेळाडूंनी मिळून ते उघड केलं. सामना ते 3-1 असा हरले. माझ्या मते तो साल्वादोरी फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या विजयांपैकी एक आहे.

सीमेपलीकडे जन्मलेला संघ

आज अमेरिकेत साल्वादोरी वंशाचे वीस लाखांहून अधिक लोक राहतात. त्यांनी घरी पाठवलेला पैसा देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारे पाव हिस्सा आहे. फुटबॉलमध्येही तेच घडू लागलं. 2021 मध्ये ऊगो पेरेस प्रशिक्षक झाले. ते एल साल्वादोरमध्ये जन्मले, पण 1994 च्या विश्वचषकाच्या वेळी अमेरिकेच्या संघात होते. अमेरिकेत वाढलेली पोरं त्यांनी शोधून संघात आणली. सिएटलचा अॅलेक्स रोल्डान एल साल्वादोरकडून खेळू लागला, तर त्याचा सख्खा भाऊ क्रिस्तियान अमेरिकेकडून खेळत होता. या संघाने 2021 च्या गोल्ड कपची उपांत्यपूर्व फेरी आणि पात्रता स्पर्धेची आठ संघांची अंतिम फेरी गाठली. अमेरिकेला घरी गोलशून्य रोखलं, होंडुरासला त्याच्या घरी 2-0 असं हरवलं, तरी शेवटी सातवा क्रमांक आला.

परदेशस्थ खेळाडू हे वरदान आहे, पण तो पर्याय नाही. मोठा प्रतिभावान मुलगा असेल तर तो अमेरिकेचा संघच निवडण्याची शक्यता जास्त. 2026 च्या विश्वचषकात 48 संघ होते आणि अमेरिका, मेक्सिको, कॅनडा यजमान म्हणून पात्रतेतून बाहेर होते. इतकी सोपी वाट कधीच नव्हती. एल साल्वादोरने पात्रतेच्या अखेरच्या फेरीत पहिल्याच सामन्यात ग्वातेमालाला त्याच्या घरी हरवलं, नंतर एकही गुण मिळवला नाही, सुरिनामकडून 4-0 असा पराभव पत्करला आणि गटात शेवटचा आला. पनामा विश्वचषकाला गेला.

कारणांची झडती

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. देश लहान, हे कारण टिकत नाही. कोस्टा रिका आणि पनामा यांची लोकसंख्या एल साल्वादोरपेक्षा कमी आहे. कोस्टा रिका 2014 मध्ये विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत खेळला, पनामाने 2018 मध्ये पदार्पण केलं.

युद्ध, हे कारण अर्धंच खरं आहे. दोन्ही वेळा पात्रता मिळाली ती देश पेटलेला असताना. युद्धाने 1981 चा संघ तोडला नाही, त्याच्या पुढची पिढी आणि ती घडवणारे क्लब तोडले. त्याचे परिणाम दहा-पंधरा वर्षांनी दिसले. गेल्या काही वर्षांत सरकारच्या कठोर कारवाईने गुन्हेगारी टोळ्यांचा हिंसाचार खूप घटला, मानवी हक्कांवरून त्या कारवाईवर गंभीर टीकाही होते. पण रस्ते सुरक्षित झाले तरी संघ आपोआप घडला नाही. 2025 च्या पात्रता सामन्यांच्या निकालांनी ते दाखवून दिलं.

स्थलांतर हे परिणाम जास्त आणि कारण कमी. भ्रष्टाचाराचा वाटा मोठा आहे, पण तोही एका खोल दोषाचं लक्षण आहे. 1967 ते 1979 या काळात जी क्लब व्यवस्था होती, तिच्या तोडीचं काही नंतर उभं राहिलंच नाही. पैसा आला तेव्हा तो राष्ट्रीय संघाच्या सामन्यांवर, हक्कांवर आणि पदांवर खर्च झाला, वयोगटांच्या संघांवर आणि साखळीवर नाही. मे 2023 मध्ये कुस्कात्लानवर अलियान्सा आणि फास यांच्या सामन्यात चेंगराचेंगरी होऊन 12 प्रेक्षक मृत्युमुखी पडले. त्या रात्री साध्या सुरक्षित प्रवेशद्वारांची व्यवस्थाही तिथे कोलमडली होती.

व्यवस्था लहान असली तरी चालते, हे एल साल्वादोरनेच दाखवलं आहे. समुद्रकिनाऱ्यावरच्या फुटबॉलच्या 2011 च्या विश्वचषकात त्यांच्या संघाने यजमान इटलीला हरवून चौथा क्रमांक मिळवला. त्यांतले कित्येक खेळाडू हिकिलिस्को उपसागरातल्या ला पिराया बेटावरचे मासेमार होते. एक बेट, एक किनारा, रोजचा खेळ आणि सातत्याने मार्गदर्शन, एवढ्यावर ते जगातल्या पहिल्या चारांत आले.

म्हणून एल साल्वादोरच्या फुटबॉलचं मोजमाप 10-1 ने करू नये आणि 1969 ने तर मुळीच करू नये. ज्या देशाने तीन विभागीय विजेते क्लब, माहिकोसारखा कलावंत आणि व्हँकुव्हरमध्ये लाच उघड करणारा संघ दिला, त्याला तिसरा विश्वचषक गाठण्यासाठी नवा चमत्कार नको आहे. त्याला हवी आहे सांता आना, सान मिगेल आणि राजधानी या तीन शहरांत पुन्हा उभी राहणारी प्रामाणिक साखळी, दर आठवड्याला खेळणारे वयोगटांचे संघ आणि जर्सीचा भाव ठरवणाऱ्यांपासून मुक्त महासंघ. हे सगळं एकदा या देशाने केलेलं आहे, तेही खूप कमी साधनांत. म्हणून ते पुन्हा होऊ शकतं, यावर माझा विश्वास आहे.